मधल्या वर्षांचा खर्च

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात, मुलांनी केलेल्या लघुपटाच्या आधी झालेलं भाषण. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे. टाळ्या आणि मधे वाजलेले फोन वगळले आहेत.)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी बोलायला उभा राहिलो की विषय ठरलेला असतो, हे तुम्हाला माहीत आहे. नॉमिनेशन भरलं का, मुदत ठेवीचं नूतनीकरण केलं का, लॉकरला दुसरं नाव लावलं का. आज त्यातलं काही नाही. आज मी सिनेमावर बोलणार आहे. हसू नका. बँकेच्या माणसाला सिनेमातलं काय कळतं, असं तुमच्या मनात आलं असेल, तर ते बरोबरच आहे. अभिनयातलं मला काही कळत नाही. पण पैसा कुठून येतो, किती दिवस अडकून पडतो आणि परत कसा येतो किंवा येत नाही, हे मी छत्तीस वर्षं पाहिलं. सिनेमात शिरू पाहणाऱ्या पोराची निम्मी गोष्ट तीच असते.

निमित्त असं झालं. सी विंगमधला आपला एक मुलगा, ज्याला आपण लहानपणापासून गणपतीच्या नाटुकल्यांत बघत आलो, त्याने दोन वर्षांपूर्वी चांगली चालू असलेली नोकरी सोडली. अभिनय करायचा आणि स्वतःचे सिनेमे काढायचे, असं ठरवून सोडली. त्याचे आईवडील माझ्याकडे आले. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बँकेतले. तुमचं तो ऐकेल. जरा समजावून सांगा." मी म्हटलं, समजावतो, पण आधी मला समजून घेऊ द्या. मग मी आणि तो मुलगा जवळजवळ सहा महिने, दर रविवारी सकाळी, या विषयावर बसत होतो. चहा त्याच्या घरचा. तो मला सिनेमे दाखवायचा आणि मी त्याला हिशेब विचारायचो. जे कळलं ते सांगतो. त्याची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करायला हवी, कारण त्यांची फाइल आजही कुठल्याही बँकेत नापासच होईल. वय चाळीसच्या पुढे, स्थिर उत्पन्न नाही, आधीचा छापखान्याचा धंदा सुटलेला, डोळ्यांचा त्रास. आणि मागणी कशासाठी, तर देशात कोणी धड केलेला नाही असा धंदा करण्यासाठी. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ साली लंडनला जाऊन यंत्र आणि विद्या घेऊन आले. पण पॉलिसीवर अख्खा चित्रपट होत नाही. मग त्यांनी काय केलं? वाटाण्याचा दाणा कुंडीत लावला आणि त्याचं रोप कसं वाढतं, ते थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेऊन टिपलं. पडद्यावर मिनिटभरात रोप जमिनीतून वर येताना दिसतं. एवढीशी फिल्म. ती पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवली आणि पैसे उभे राहिले. सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते वेगळेच. ३ मे १९१३ रोजी गिरगावात, कोरोनेशनमध्ये, 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आमच्या भाषेत त्या वाटाण्याच्या रोपाला प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणतात. आम्ही शंभर पानांचा मागायचो, त्यांनी मिनिटभराचा दिला. तुम्हाला वाटेल ही फार जुनी गोष्ट झाली. पण आजचा मुलगा जो लघुपट करतो, तो नेमकं हेच करत असतो. लघुपटावर पैसे मिळत नाहीत. तो वाटाणा आहे. हे पहिल्या रविवारी त्याने मला सांगितलं, आणि मला एकदम पटलं.

आणि सरस्वतीबाईंबद्दल आणखी एक सांगतो, कारण दागिन्यांचंच नाव निघतं आणि बाकीचं राहून जातं. त्या रात्री बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. पगारपत्रकावर त्यांचं नाव कुठे असणार?

आता बँकेची बाजू. सिनेमाला सरकारने उद्योगाचा दर्जा दिला १९९८ साली. त्याआधी बँका सिनेमाजवळ फिरकतही नव्हत्या. त्यानंतर दिली कर्जं, पण कोणाला? ज्याच्याकडे आधीच तारण आहे त्याला. यात बँकेचा दोष नाही. बँकेतला पैसा ठेवीदाराचा असतो, म्हणजे तुमचा. नवख्या मुलाच्या पहिल्या सिनेमात तुमची मुदत ठेव घालतो म्हटलं, तर तुम्हीच मला फाडून खाल. सरकारने १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं, त्यातून मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' झाला, पुढे एनएफडीसी झालं. ती सोय आजही आहे, पण दार अरुंद आहे. राज्य शासन मराठी चित्रपटांना अनुदान देतं, चांगली गोष्ट आहे. पण ते चित्रपट तयार झाल्यावर. म्हणजे पोहून पलीकडे गेलात की होडी मिळेल.

तर मग, नोकरी नाही, बँक नाही, सरकार पलीकडच्या काठावर. मधली पाच-सात वर्षं माणूस जगतो कशावर? कोणालाही विचारा, गुणवत्तेवर बोलतील, नशिबावर बोलतील, ओळखींवर तर तासभर बोलतील. ही मधली वर्षं कोणाच्या खर्चाने गेली, हे कोणी सांगत नाही. मी रविवारच्या रविवार तेच शोधत बसलो.

आमच्या पिढीत त्याचं उत्तर सोपं होतं. नोकरी. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. शिकले जे. जे.मध्ये, चित्रकला. दिवसा बँक आणि संध्याकाळी सत्यदेव दुबे यांच्याकडे नाटक. १९७१ मध्ये 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा सिनेमा झाला त्यात ते होते, १९७४ मध्ये 'रजनीगंधा' आला. पुढे १९८१ मध्ये 'आक्रीत' स्वतः दिग्दर्शित केला. पडद्यावरचा तो पांढरपेशा नोकरदार लोकांना खरा का वाटायचा, याचं उत्तर त्यांच्या सर्व्हिस बुकात सापडेल, असं माझं मत आहे. डॉ. लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. डॉ. जब्बार पटेल दौंडला मुलांचे डॉक्टर. निळू फुले पुण्याच्या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. 'सामना' काढणारे रामदास फुटाणे चित्रकलेचे शिक्षक.

आम्हा बँकवाल्यांच्या एकांकिका स्पर्धा व्हायच्या, तालमी असल्या की मॅनेजर सही करून पाचला सोडायचा. कोणी याला कलेला दिलेलं अनुदान म्हणत नव्हतं, पण होतं ते अनुदानच. मराठी नाटकाचा आणि त्यातून निघालेल्या सिनेमाचा अर्धा खर्च बँका, एलआयसी, बेस्ट आणि सरकारी कचेऱ्या यांच्या पगारपत्रकातून निघाला. आज तसं राहिलेलं नाही. आपल्या बिल्डिंगमधले बँकेतले पोरगे-पोरी रात्री किती वाजता घरी येतात, ते वॉचमनला विचारा. टार्गेट असतं. आयटीवाल्यांचं तर घरी आल्यावर दुसरं ऑफिस सुरू होतं. त्यामुळे आपण जेव्हा म्हणतो ना, "नोकरी सांभाळून कर की, आमच्या वेळी लोक करायचे", तेव्हा ती नोकरीच आता शिल्लक नाही, हे लक्षात घ्यावं लागेल.

आता आजचं उदाहरण. ते मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण त्यात एक कागद माझ्या आवडीचा आहे.

चैतन्य ताम्हाणे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईचाच मुलगा, १९८७ चा जन्म, मिठीबाई कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलेला. फिल्म इन्स्टिट्यूटला गेला नाही. कॉलेजच्या वयात, २००६ साली, आपल्याकडचे सिनेमे परदेशातून कसे उचलतात यावर त्याने माहितीपट केला. पुढे एक नाटक लिहून बसवलं, इंग्रजी. त्यात विवेक गोंबर नावाचा नट होता. मग 'सिक्स स्ट्रँड्स' नावाचा लघुपट केला, तो परदेशातल्या महोत्सवांत फिरला. म्हणजे वाटाणा उगवला. आणि त्यानंतर? हातात काम नाही, पैसा नाही. लघुपट परदेशात दाखवला म्हणून वाण्याचं बिल भागत नाही.

तेव्हा या गोंबरने, जो स्वतः कामाच्या शोधातला नट, एक गोष्ट केली. त्याने ताम्हाणेला सांगितलं की तू पटकथा लिही, मी तुला दर महिन्याला ठरावीक पैसे देतो. पगारच म्हणा. हे जेव्हा मी वाचलं तेव्हा मुलाला म्हटलं, थांब, हे परत वाच. सिनेमाला पैसे देणारे अधूनमधून सापडतात. सिनेमा अजून कागदावरसुद्धा नाही, अशा वेळी लिहिणाऱ्याच्या जेवणाखाण्याला पैसे देणारा मी पहिल्यांदा ऐकला. आमच्याकडे कारखान्याला कर्ज देताना उत्पादन सुरू होईपर्यंत हप्ता घेत नाहीत, त्याला मोरेटोरियम म्हणतात. हा तर मोरेटोरियममध्ये उलट दरमहा पैसे देत होता.

त्यातून 'कोर्ट' झाला. हॉलंडमधल्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत पटकथेला मिळाली, पण सिनेमाचा निर्माता गोंबरच, आणि त्याने त्यात बचावाच्या वकिलाची भूमिकाही केली. २०१४ साली व्हेनिसला त्याला दोन पारितोषिकं मिळाली. ताम्हाणे तेव्हा सत्तावीस वर्षांचा. मग राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ. मग भारताकडून ऑस्करला पाठवला गेला. २०१५ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे थिएटरात लागला.

आमच्या घरी तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा अर्ध्या तासाने सौ. म्हणाल्या, "हा सुरू कधी होणार?" पण त्यातली सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णी, कोर्टातून लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते, तिथून त्या सरसावून बसल्या. लोकशाहीर नारायण कांबळेचं काम वीरा साथीदारांनी केलंय. ते पेशाने नट नव्हते, नागपूरचे कार्यकर्ते. २०२१ मध्ये कोविडने गेले. सिनेमात बरीच माणसं अशीच, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली. ती शोधायला, तयार करायला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पुन्हा खर्च. ताम्हाणेचा पुढचा सिनेमा, 'द डिसायपल', आला २०२० मध्ये. सहा वर्षांनी. तो व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, तिथे 'मान्सून वेडिंग'नंतर एकोणीस वर्षांनी आपला चित्रपट गेला, पटकथेचं पारितोषिकही मिळालं. पण सहा वर्षं! एवढं यश मिळाल्यावरसुद्धा. त्यामुळे वहिनींना मी सांगितलं, "एकदा नाव झालं की सुटलो" हा हिशेब मनातून काढून टाका.

सगळ्यांना गोंबर भेटत नाही, हे उघड आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. अहमदनगरच्या कॉलेजात संज्ञापनाचा अभ्यासक्रम करत असताना, त्याचाच भाग म्हणून 'पिस्तुल्या' केला. पंधरा मिनिटांचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१३ चा 'फँड्री', त्यात ते स्वतः नट म्हणूनही दिसतात, आणि २०१६ चा 'सैराट', त्याबद्दल मी काय सांगायचं, आपल्या गणपतीत अजून वाजतोय. इथे कॉलेजच्या अभ्यासक्रमाने पहिल्या वाटाण्याला कुंडी पुरवली. आणि अलीकडचंच उदाहरण, रोहन कानवडे. मुंबईच्या वस्तीत वाढलेला, वडील ड्रायव्हर. शिकला इंटिरियर डिझाइन, सिनेमा शाळेत जाऊन शिकला नाही. एकामागून एक लघुपट करत राहिला. त्याचा 'साबर बोंडं' २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत सनडान्सला गेला आणि परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. तिथे पोचलेला हा पहिला मराठी सिनेमा. वडील गेल्यावर गावी दहा दिवस दुखवट्याला राहिलेल्या मुलाची ती गोष्ट आहे, त्याच्या आणि त्याच्या गावाकडच्या मित्राच्या प्रेमाची. आपल्या पिढीतल्या काहींना विषय ऐकून अवघडल्यासारखं होईल. पहा एवढंच म्हणतो. त्यातली आई पहा.

ही झाली पोचलेल्यांची नावं. न पोचलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. बँकेत निदान बुडीत खात्यांचं रजिस्टर असतं. म्हणून मी मुलाला म्हटलं, मला पोचलेल्यांचा रस्ता नको, तू रोज कुठे जातोस ते दाखव.

गेलो त्याच्याबरोबर. वर्सोव्याला आराम नगर म्हणून भाग आहे. जुने बैठे बंगले, आणि त्या प्रत्येकात कोणा ना कोणा कास्टिंगवाल्याचं ऑफिस. बाहेर मुलं-मुली उभी. कोणी पाटण्याचा, कोणी इंदूरचा, कोणी आपल्या सांगलीचा. उंची, वय, नाव सांगायचं, डावी-उजवी बाजू कॅमेऱ्याला दाखवायची, दोन ओळी म्हणायच्या, पुढचा. निकाल कळवत नाहीत. फोन आला नाही म्हणजे नाही. आमच्या वेळी अर्ज फेटाळला तर निदान पत्र जायचं. आता बरंचसं घरूनच मोबाइलवर स्वतःचं चित्रीकरण करून पाठवतात, त्याला सेल्फ टेप म्हणतात. त्यामुळे मध्यंतरी रात्री अकराला सी विंगमधून मोठमोठ्याने भांडणाचा आवाज आला आणि आपल्यापैकी एकांनी वॉचमनला वर पाठवलं, ते भांडण नव्हतं. इन्स्पेक्टरच्या रोलची टेप होती.

एक गोष्ट इथे सगळ्या पालकांनी लिहून घ्यावी. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. जो 'नोंदणी', 'पोर्टफोलिओ', 'कार्ड' असं म्हणून आधी पैसे मागतो, तो सिनेमातला नसतो, तो आमच्याकडे लॉटरी लागल्याचे ईमेल घेऊन येणाऱ्या ग्राहकांच्या गोष्टीतला असतो.

आणि काम मिळालं की पैसे मिळाले असंही नाही. मालिकांमध्ये केलेल्या कामाचे पैसे ९० दिवसांनी देण्याची रीत आहे. ९० दिवस! आमच्याकडे हप्ता ९० दिवस थकला की ते खातं एनपीए होतं, अनुत्पादक. तिथे माणसाने काम केलेलं असतं आणि तरी ९० दिवस तो स्वतःच अनुत्पादक. घरभाडं मात्र एक तारखेलाच.

मुलींच्या बाबतीत काळजी आणखी असते. आजच्या लघुपटाचा कॅमेरा आपल्या ए विंगमधल्या मुलीने केलाय, म्हणून बोलतो. केरळच्या सिनेसृष्टीतल्या स्त्रियांच्या परिस्थितीवर न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये बाहेर आला, त्यात स्वच्छतागृह नसण्यापासून लैंगिक छळापर्यंत सगळं आहे. त्यावरून मुलींनी तिकडे जाऊच नये, असा अर्थ काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असायलाच हवी. जिथे काम करायचं तिथे ती आहे का, रात्री घरी सोडण्याची व्यवस्था कोणाची, हे आधी विचारायचं. त्या मुलीने तिच्या पहिल्या कामाला विचारलं. तिला म्हणे थोडे हसले. पण गाडी आली.

तर आमच्या रविवारच्या बैठकांतून एक कागद निघाला. मुलाने तो लिहिला, मी फक्त आकडे तपासले. त्यात 'यशस्वी होणार का' हा प्रश्न नाही, कारण त्याचं उत्तर कोणाकडेच नाही, ना माझ्याकडे ना आराम नगरात. त्यात एवढंच आहे: तीन वर्षं. या तीन वर्षांत घरून राहणं-जेवणं, बाकी एक रुपया नाही. महिन्यातले दहा दिवस तो लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करतो, त्यातून प्रवास, फोन आणि विम्याचा हप्ता. आरोग्यविमा आधी, कॅमेरा नंतर, ही अट माझी. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही आणि घर तारण ठेवायचं नाही, ही अट त्याची स्वतःची. आणि दर वर्षी दाखवता येईल असं काहीतरी पूर्ण झालेलं हवं. एक वाटाणा दर वर्षी. हा पहिला, तुम्ही आत्ता बघाल. तीन वर्षांनी पुन्हा बसायचं. वहिनींना कागद दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मधला खर्च आम्हीच करायचा." मी म्हटलं, हो. कोणीतरी करतंच. आता निदान किती ते लिहिलेलं आहे.

त्या आता समोर बसल्या आहेत. अजून त्यांना हे सगळं पूर्ण पसंत नाही, आणि ते त्यांनी मला आज सकाळीही सांगितलं.

आता थोडं आपल्या संस्थेकडे येतो, सेक्रेटरींनी घड्याळ दाखवण्याआधी.

गच्चीवर आणि या हॉलमध्ये तालीम करू द्यावी असा या मुलांचा अर्ज गेल्या वर्षी आला होता. समितीने नाकारला. कारणं लिहून दिली होती: आवाज, पाण्याच्या टाकीची सुरक्षितता, आणि एकाला दिलं की सगळे मागतील. पहिली दोन कारणं योग्य आहेत. तिसऱ्याबद्दल बोलायचं आहे.

१९५० च्या दशकात इब्राहिम अल्काझी कंबाला हिलवर राहायचे. त्यांनी आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर नाटकं केली. लोक जिने चढून जायचे. पुढे १९६२ मध्ये तेच दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. दुसरं, दादरची छबिलदास शाळा. सुलभा देशपांडे तिथे शिक्षिका होत्या. १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ची प्रायोगिक नाटकं सुरू झाली. ते काही नाट्यगृह नव्हे, शाळेचा हॉल. शाळा सुटली की नाटक. पण मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्याला छबिलदास चळवळ असं नाव पडलं. एका शाळेने संध्याकाळी किल्ली दिली, म्हणून. तिथेही कोणीतरी म्हणालं असेलच की सगळे मागतील. मागितलं ना सगळ्यांनी. तेच तर झालं.

आणि आपण सहकारी संस्था आहोत म्हणून शेवटचं उदाहरण सहकारातलं. १९७६ चा 'मंथन', श्याम बेनेगलांचा. त्याच्या पटकथेत आपले तेंडुलकर, कामात स्मिता पाटील. निर्माते कोण? गुजरातच्या दूध सहकारी संस्थांचे पाच लाख शेतकरी, प्रत्येकी दोन रुपये. दहा लाख जमले, सिनेमा झाला, आणि ते शेतकरी आपलाच सिनेमा म्हणून तो बघायला गेले. आपले सभासद शहाण्णव आहेत. दोन रुपयांप्रमाणे एकशे ब्याण्णव होतील, त्यात आजच्या फिल्मचा चहासुद्धा भागणार नाही. तेव्हा पैसे नकोत. हॉल द्या.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मी ठराव दिला आहे, क्रमांक सात, सूचक मी, अनुमोदक बी विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. मंगळवार आणि गुरुवार, रात्री आठ ते दहा, हॉल फक्त तालमीसाठी. भाडं नाही. लाउडस्पीकर नाही. अनामत पाचशे रुपये, झाडून खुर्च्या लावून ठेवल्या नाहीत तर जप्त. गच्ची मागितलेली नाही, टाकीचा प्रश्न मिटला. वापर संस्थेतल्या कोणत्याही वयाच्या सभासदाला किंवा त्याच्या घरच्यांना, म्हणजे भजनी मंडळ आणि आमच्या ज्येष्ठांचा कॅरमसुद्धा त्यात बसतो. सहा महिने करून बघायचं, मग पुन्हा सभेपुढे. विरोध असेल त्यांनी जरूर करावा, पण सभेला येऊन करावा. गेल्या वेळी कोरमसाठी अर्धा तास सभा तहकूब ठेवावी लागली होती.

फिल्म चौदा मिनिटांची आहे. आपला जिना आहे, मीटर बॉक्स आहे, आणि बंद पडलेली दोन नंबरची लिफ्ट आहे, तिचं काम फार चांगलं झालंय. चार जणांनी मिळून केली. खर्च आठ हजार तीनशे चाळीस रुपये, व्हाउचरं मी पाहिली आहेत, बरोबर आहेत. त्यात एका दृश्यात मीही आहे. मी फक्त पेपर वाचतो, पण त्याच्या नऊ वेळा घेतल्या. त्या मुलाला मी म्हटलं, अरे पेपर वाचायला नऊ वेळा कशाला? म्हणाला, "काका, तुम्ही वाचत नव्हता. वाचतोय असं दाखवत होता."

संपल्यावर ही मुलं इथेच उभी राहणार आहेत. आवडली नाही तर कुठे आवडली नाही, ते त्यांना तोंडावर सांगा. त्यांना तेच हवंय. वॉचमन, मागचे दिवे घाल रे. पंखे राहू देत.